नासकी तुती

मका कमरेला लागला आणि शेतात पाणी आणणारी चारी कोरडी पडली.

कालव्यात पाणी नव्हतं असं नाही. वरच्या अंगाला ते काठोकाठ वाहत होतं. वारा फिरला की त्याचा ओला वास खालच्या शेतांपर्यंत यायचा. वास यायचा, पाणी यायचं नाही. खालच्यांची पाळी आली की दार उघडत नसे. आज दुरुस्ती, उद्या पाटकरी रजेवर, परवा आणखी काही. दुपारी मक्याची पानं अंग चोरून सुरळी व्हायची, उन्हं कलली की उलगडायची. पुढं पुढं ती उलगडायला उशीर करू लागली. दादा बांधावर उभा राहून एखादं पान बोटांत चुरून बघायचा आणि घरी ताटावर बसला की बायकोला म्हणायचा, "मीठ जास्त झालंय."

मीठ बरोबर असायचं.

घरात माणसं तीन. दादा, त्याची बायको आणि दादाची बहीण. बहिणीला सगळे धाकटी म्हणत. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती धाकटीच. नवरा गेला आणि सासरचं दार तिच्यासाठी अर्धंच उघडं राहिलं, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी आणि मनगटाएवढी जाड फांदी घेऊन भावाकडे आली होती. सासरच्या परसातल्या काळ्या तुतीची फांदी. ती तिनं इथं मोरीच्या मागं रोवली. फांदी कितीतरी दिवस खुंटीसारखी नुसती उभी. वहिनीनं तिला धुण्याची दोरी बांधली. दादा येता-जाता टोपी अडकवायचा आणि म्हणायचा, "सासरहून लाकूड आणलंय बाईनं. बोलत नाही, चालत नाही, नुसतं पाणी पितं." भांडी घासून झाली की धाकटी तांब्याभर पाणी तिच्या बुडाशी सोडायची. आणि एका वर्षी दोरीच्या गाठीखालून हिरवा डोळा फुटला.

झाड वाढलं तेही असं, ठेंगणं, वाकडं, एका कुशीवर कलंडून झोपल्यासारखं. पानं मांजराच्या जिभेसारखी खरबरीत. फळ आधी हिरवं, मग लाल, मग काळं. लाल असताना ते बघत राहावं असं, टणक, चकचकीत, मणी ओवल्यासारखं. घराला तेवढंच फळ ठाऊक. लाल झालं की तोडायचं, टोपलीत मांडायचं, कुणाकुणाला पोचवायचं. उरलं तर साखर लावून, डोळे मिटून खायचं. काळं झालं की फळ मऊ पडतं, बोट लागताच सुटतं, फुटतं, आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. टोपलीत घातलं तर तळाशी चिखल होतो. असल्या फळाला पहिल्याच वर्षी वहिनी नासकं म्हणाली, आणि घरात तोच शब्द राहिला.

धाकटी ती नासकी खायची. झाडाखाली उभी राहून, एकटी. हंगामभर तिचे ओठ आणि तळवे काळेजांभळे. शेजारणी हसायच्या, "बाईला नासकंच गोड लागतं. सवय असते एकेकीला."

तिनं सांगून पाहिलं होतं. दर हंगामात सांगितलं होतं.

"वहिनी, ही नासली नाहीत हो. ही आत्ता कुठं पिकली."

"असू देत वन्सं," वहिनी फार मायेनं म्हणायची. "तुम्हाला आवडतात ना? तुम्ही खा. आम्ही कुठं नको म्हणतोय?"

ती मायाच तिला जास्त झोंबायची.

*

पाटकरी सायकल भिंतीला टेकवून आत आला तेव्हा दादा खुरप्याला धार लावत होता. कालव्याची दारं उघडायची-लावायची ती पाटकऱ्यानं, पण कधी उघडायची ते पाणी सोसायटीचा चेअरमन ठरवायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पाटकऱ्याला कोणी शिव्या देत नसे. पाणी देत.

तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेबांकडे पाहुणे आलेत. बोलता बोलता तुतीचा विषय निघाला. मी म्हटलं, आपल्या खालच्या अंगाला एका घरी आहे की."

दादानं खुरपं खाली ठेवलं. "साहेब काय म्हणाले?"

"काही म्हणाले नाहीत. पण मान हलवली."

"आणि आमची पाळी?"

"तेच सांगतोय ना," पाटकरी म्हणाला. "मान हलवली."

तो गेला आणि दादा उठून परसात आला. इतक्या दिवसांनी तो त्या झाडाकडे टोपी न अडकवता बघत होता. धाकटी धुणं पिळत होती.

"धाकटे, उद्या सकाळी टोपली भरायची. वरपर्यंत. चेअरमनच्या घरी."

"उद्या नाही होणार."

"का नाही होणार? लाल झालीत की."

"लाल झालीत म्हणून तर. कच्ची आहेत रे. अजून ऊन खाऊ दे त्यांना."

"आणि मक्यानं काय खायचं?"

धाकटीनं पीळ दिलेलं धोतर दगडावर ठेवलं. "मग साहेबांना इथं बोलाव. काळी झाली की झाडाखाली उभं राहून खाऊ देत. ही तुती जागची हलत नाही, दादा. तिच्याकडे माणसानं यावं लागतं."

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "चेअरमन इथं येणार. आपल्या मोरीच्या मागं. या शेवाळावर उभा राहून तुझी नासकी खाणार. ऐकलंस का गं?"

दारातून वहिनीही हसली. धाकटीनं पुन्हा धोतर उचललं आणि ते इतकं पिळलं की आता त्यातून काही निघत नव्हतं.

*

सकाळी तिनंच फळं तोडली. घरात दुसरं कोण तोडणार. शिडी टेकवली, एक गुडघा दुसऱ्याच्या मागं ओढत वर चढली. झाड फळ सोडत नव्हतं. लाल फळ देठाला घट्ट धरून असतं, पिरगाळावं लागतं, आणि पिरगाळलं की देठातून पांढरा चीक येतो. तिच्या बोटांना तो चिकटत राहिला. तोडताना तिच्या तोंडात तिचंच जुनं गुणगुणणं आलं, झाडाला पाणी घालता घालता कधीतरी जुळलेलं:

*हात लागता सुटावं, असं पिकावं गं फळ,*
*ओढून तोडलं त्याच्या पोटी राहतसे कळ.*

दुसरी ओळ तिनं मोठ्यानं म्हटली नाही.

खाली वहिनी फळं निवडत होती. तुती एकदम पिकत नाही. झुबक्यात एखादं काळं, बाकीची लाल, काही हिरवी. चुकून टोपलीत आलेली दोन काळी फळं वहिनीनं चिमटीनं उचलून मोरीत टाकली. हात पदराला पुसला आणि पदरावर डाग बघून म्हणाली, "बघा. नासकं एक असलं की सगळ्याची वाट."

टोपली सुंदर दिसत होती. धाकटीलाही तसं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला.

दादानं धुतलेला सदरा घातला. टोपली मात्र धाकटीनं घ्यायची, कारण सदऱ्याला डाग पडला असता. तो पुढं, ती मागं. वाट कालव्याच्या कडेनं होती. वरच्या शेतांत पाणी इतकं झालं होतं की बांध फुटून रस्त्यावर आलं होतं. दादा ते पाणी ओलांडताना चपला हातात घेऊन चालला. धाकटी त्यात तशीच उभी राहिली क्षणभर. पायांना गार वाटलं. मग मक्याच्या सुरळ्या आठवल्या आणि पाय पोळल्यासारखे तिनं उचलले.

*

चेअरमनच्या ओसरीला गुळगुळीत फरशी होती. खुर्च्या मांडलेल्या, पाहुणे बसलेले. दादाला कोणी बस म्हटलं नाही, तो खांबाशी उभा राहिला. धाकटी पायरीच्या खाली. ओल्या पायांनी फरशीवर कसं जायचं.

"अरे वा," चेअरमन म्हणाला. "काय रंग आहे."

टोपली फिरली. एका पाहुणीनं फळ तोंडात टाकलं, तिचा चेहरा आखडला, आणि तिनं ते रुमालात काढून ठेवलं. चेअरमननं अर्धं चावलं आणि उरलेलं पुन्हा टोपलीत टाकलं.

"दात आंबले हो," तो म्हणाला. "घरून निघायच्या आधी चाखून बघितलं होतं का? का थेट आमच्यावरच प्रयोग?"

सगळे हसले. दादा सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसला.

"बहिणीनं तोडलीत, साहेब," तो म्हणाला. "तिला त्यातलं कळत नाही. तिच्या जिभेला चव कुठाय, ती नासकीच खाते."

मग सगळ्यांनी पायरीच्या खाली बघितलं. धाकटीचे हात समोर होते.

"अगं बाई, हाताला काय झालंय हिच्या?" पाहुणी म्हणाली आणि खुर्ची मागं सरकवली. "आणि याच हातांनी तोडलीत?"

हात पदरात घ्यावेत असं धाकटीला वाटलं. हात तिच्या मनात आलं त्याआधीच निम्मे वळले होते. तिनं ते परत समोर आणले आणि तळवे वर केले.

"काही झालेलं नाही. पिकलेल्या तुतीचा रंग आहे. टोपलीत पिकलेली एकही नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल."

"धाकटे," दादा म्हणाला.

"कच्ची तोडायला लावलीत, कच्ची आणली. आंबट लागणारच."

"गप बस म्हटलं ना."

ओसरीवर कोणी हसलं नाही. चेअरमननं रुमालानं बोटं पुसली, एकेक, सावकाश. "तुमच्या घरात बायका फार बोलतात," तो दादाला म्हणाला. "पाण्याचं बघू पुढं. टोपली घेऊन जा. इथं कोण खाणार?"

*

परत येताना टोपली तशीच भरलेली, वर ते अर्धं चावलेलं फळ. पाणी साचलेल्या जागी दादानं चपला काढल्या नाहीत. पाय आपटत तसाच गेला, सदऱ्यावर चिखल उडाला.

"मिळालं मनासारखं?" तो वळून न बघता म्हणाला. "गेली पाळी."

"पाळी आपली होती. आपल्या हक्काची. ती मागायला टोपली कशाला लागते?"

"तुला काय कळतंय?"

"आणि माझ्या जिभेला चव नाही म्हणालास. परक्या माणसांपुढं."

"मग काय म्हणायचं होतं? वेळ मारून नेत होतो."

"माझ्यावर मारून नेलीस."

दादा थांबला. त्याचा चेहरा उन्हानं आणि दुसऱ्या कशानं तरी लाल झाला होता. ज्याच्यापुढं बोलता आलं नाही त्याचं सगळं बोलणं आता तोंडाशी आलं होतं, आणि समोर फक्त बहीण होती.

"झाड तोडतो मी. मका जळतोय आणि परसात हे पाणी पितंय."

"मोरीचं पाणी पितं ते. तुझ्या धोतराच्या मळाचं. त्यात काय तुझा मका जगणार होता?"

"जागा माझी आहे."

जागा त्याची होती. मोरी त्याची, दोरी त्याची, ती ज्या पेटीवर उशी ठेवून निजायची त्या पेटीखालची जमीनही त्याची. तिनं टोपली दुसऱ्या कमरेवर घेतली आणि चालू लागली.

*

झाड त्याच दिवशी पडलं असतं, पण सुताराची करवत दुसऱ्या गावी कामात अडकली होती. खोडाला ती दोघांनी ओढायची करवतच लागणार होती. म्हणून झाडाला काही दिवस मिळाले.

पाणी आलं नाही. ऊन मात्र सकाळपासून धरून बसायचं. जे ऊन मक्याचं पान जाळत होतं तेच तुतीत साखर भरत होतं. वरच्या फांद्यांवर शिडी पोचली नव्हती, तिथली फळं जिथल्या तिथं काळी होत गेली. पाखरं यायची. धाकटी धुणी धुवायची, भांडी घासायची आणि पाणी झाडालाच सोडायची. वहिनी एकदा म्हणाली, "वन्सं, आता कशाला? उगाच."

"तोडेपर्यंत जिवंत आहे ना?" धाकटी म्हणाली.

वहिनी आत गेली. थोड्या वेळानं तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन बाहेर आली, झाडाच्या बुडाशी ठेवलं आणि पुन्हा आत गेली.

करवत आली तेव्हा सकाळ होती. दादानं खोडाशी बसून जागा बघितली, अंगठ्यानं खूण केली. धाकटी मोरीजवळ उभी होती. रडत नव्हती. दादाला ती रडली असती तर बरं वाटलं असतं; त्यानं दोन शब्द समजुतीचे तयार ठेवले होते.

"धर दुसरी मूठ," तो म्हणाला.

"मी?"

"मग कोण? एकट्यानं ओढतात काय ही?"

"माझ्या हातानं मी हे करणार नाही," धाकटी म्हणाली. "जागा तुझी आहे. तू कर. पण आधी खा."

"काय खा?"

"तुती. एक. खा आणि मग तोड. मी आड येणार नाही."

"नासकी खाऊ?"

"हो. नासकी खा."

दादानं तिच्याकडे बघितलंच नाही. बायकोला हाक मारली. वहिनी पदर खोचत आली, नवऱ्याकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं नाही, आणि खाली बसून करवतीची मूठ धरली.

ओढ, सोड. ओढ, सोड. दात सालीत शिरले. खोडातून पांढरा चीक आला आणि करवतीवर साचला. झाड मुळापासून हललं. आणि वर पिकून ओथंबलेली सगळी फळं, जी नुसत्या हाताच्या आशेवर लटकली होती, ती सुटली. टप टप नव्हे, धो धो. दादाच्या टकलावर, पाठीवर, वहिनीच्या केसांत, खांद्यावर, करवतीवर, धुण्याच्या दगडावर. वहिनी दचकून वर बघायला गेली आणि एक फळ तिच्या ओठांवरच फुटलं.

"शी," ती म्हणाली आणि मनगटानं तोंड पुसलं. मग जीभ ओठांवरून फिरली. आपोआपच.

करवत थांबली.

"ओढ की," दादा म्हणाला.

वहिनीनं मांडीवर पडलेलं एक फळ उचललं. वास घेतला. तोंडात टाकलं. तिचे डोळे आधी बारीक झाले, सवयीनं, आंबटाच्या तयारीत; मग तसेच राहिले आणि मग उघडले. तिनं दुसरं उचललं. तिसरं. हनुवटीवरून रस गळ्यात उतरला, ती पुसायला विसरली.

"वन्सं," ती म्हणाली. "हे काय आहे?"

"नासकी आहेत, वहिनी," धाकटी म्हणाली.

वहिनी खाली बघू लागली. भोवती पडलेल्या फळांकडे, मोरीच्या तोंडाकडे. तिचा चेहरा चोरट्या माणसासारखा झाला. मग तिनं मूठ सोडली, एक फळ निवडलं, सगळ्यात काळं, सगळ्यात मऊ, आणि नवऱ्यापुढं धरलं. "खा."

"मूठ धर."

"खाल्ल्याशिवाय धरत नाही. खा म्हणते ना."

दादानं खाल्लं ते तोंड बंद करायला. चावला आणि चावताना थांबला. मग जे चावलं होतं ते तोंडात तसंच धरून बसला, गिळायचं राहून गेल्यासारखा. त्याच्या सदऱ्यावर डाग पसरत होते. हात पुढं झाला, दगडावरचं आणखी एक फळ उचललं. ते हातातच फुटलं. त्यानं तळहात चाटला.

पाखरं परत येऊन वर बसली.

"हे सांगितलं का नाहीस कधी?" दादा म्हणाला.

धाकटी हसली नाही. ती पुढं आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"दर हंगामात सांगितलं. तुला सांगितलं, वहिनींना सांगितलं. चेअरमनच्या ओसरीवर सांगितलं, तेव्हा गप बस म्हणालास. ऐकलं नाहीस, ते सांगितलं नव्हतं म्हणून नाही. सांगणारी मी होते म्हणून."

दादानं खाली बघितलं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि तो उठला. "असं करू. साहेबांना इथं बोलावू. तू म्हणत होतीस तसंच. खुर्ची टाकू, शेवाळ खरवडू. हे एकदा तोंडात पडलं की दार उघडलंच म्हणून समज."

"नाही," धाकटी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"तो माणूस या झाडाखाली येणार नाही. त्यानं अर्धं खाऊन टोपलीत थुंकल्यासारखं टाकलं, आणि तू हसलास. जागा तुझी आहे, मान्य. पाणी माझं आहे, भांड्याभांड्यानं घातलेलं. याचं फळ दार उघडायला जाणार नाही. कच्चं नाही आणि पिकलेलंही नाही."

"आणि मका?"

"मक्याची पाळी आहे, सोसायटीच्या पाटीवर लिहिलेली. आपण ती मागत नाही, आपण तुती नेतो. चल, मागू. खालच्या घरांतून कोण कोण येतं तेही बघू. मी येते. हात रिकामे घेऊन."

"आणि नाही दिलं तर?"

"तर नाही दिलं. पण मागितलं तरी म्हणता येईल."

"मी पण येते," वहिनी म्हणाली आणि केसांतून एक तुती काढून तोंडात टाकली.

दादाचे ओठ काळेजांभळे झाले होते, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

धाकटी खोडाशी बसली. गुडघा दुखला, तिनं तो हातानं वाकवला. करवतीचे दात सावकाश बाहेर काढले. जखम बोटभर खोल होती, चीक अजून येत होता. तिनं तळहातानं तो निपटला आणि खोडापलीकडची, उन्हातली माती उकरायला लागली. माती कोरडी होती, चुरा होऊन बोटांतून गळत होती. लिंपायला ती ओली लागणार होती.

"दादा," ती मान वर न करता म्हणाली, "पाणी आण."

आणि पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, सवयीनं. पण बादलीच्या कडीचा आवाज आला होता.